बाउझाक : तोल, घर्षण आणि बोली शिकवणारा ठोकळ्यांचा खेळ

प्रास्ताविक

यामिकीच्या पहिल्याच प्रकरणात आपण एक वाक्य पाठ करतो. वस्तूच्या गुरुत्वमध्यातून जाणारी उभी रेषा आधारक्षेत्राच्या आत पडत असेल, तर वस्तू स्थिर राहते. परीक्षेत हे वाक्य लिहिले की गुण मिळतात. आता एक प्रयोग करा. तीन सारख्या फूटपट्ट्या एकावर एक ठेवा आणि प्रत्येक पट्टी खालच्या पट्टीपेक्षा थोडी पुढे सरकवा. दुसरी पट्टी पहिलीवर नीट बसलेली आहे, तिसरी दुसरीवर नीट बसलेली आहे, तरीही सगळे कोसळू शकते. वाक्य पाठ असूनही 'हे का पडले?' या प्रश्नाला आपण अडखळतो आणि 'धक्का लागला असेल' असे उत्तर देऊन मोकळे होतो.

या पाठात आपण हाच प्रश्न एका जुन्या जर्मन खेळाच्या मदतीने सोडवणार आहोत. खेळाचे नाव बाउझाक. भारतातल्या दुकानांत तो सहसा दिसत नाही आणि आज तो फारसा कोणाला आठवतही नाही. पण पदवीच्या पहिल्या वर्षाची यामिकी आणि सूक्ष्म अर्थशास्त्रातला लिलाव हे दोन्ही विषय एकाच टेबलावर आणणारे खेळ थोडे आहेत. त्यांत याचा क्रमांक वरचा आहे.

पाठाची उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यावर तुम्हाला पुढील गोष्टी करता याव्यात :
• अनेक ठोकळ्यांच्या मनोऱ्यात स्थिरतेची अट कुठे कुठे तपासायची ते सांगणे.
• मनोऱ्याची उंची आणि ठोकळ्याची सरक यांपैकी धोकादायक काय, हे आकडे मांडून दाखवणे.
• गोल पृष्ठावरच्या वस्तूचा तोल आणि उतारावरची घसरण यांच्या अटी वापरणे.
• 'हवा' आणि 'नको' या दोन प्रकारच्या लिलावांतील फरक समजावून सांगणे.

१. खेळाची ओळख

बाउझाक हा जर्मन शब्द आहे. बाउ म्हणजे बांधकाम आणि झाक म्हणजे पोते किंवा पिशवी. नावाप्रमाणेच या खेळात लाकडी ठोकळ्यांनी भरलेली पिशवी असते. क्लाउस झोख यांनी रचलेला हा खेळ १९८७ साली बाजारात आला आणि त्यातूनच म्युनिकमधील झोख या खेळ-प्रकाशन संस्थेची सुरुवात झाली. पुढे याच संस्थेने तोलावर आधारलेले आणखी खेळ काढले. त्यांपैकी व्हिला पालेट्टी या खेळाला २००२ साली जर्मनीचा 'वर्षातील सर्वोत्तम खेळ' हा पुरस्कार मिळाला.

अमेरिकेत मिल्टन ब्रॅडली या कंपनीने १९९१ साली बाउझाकची आवृत्ती काढली, तिचे नाव 'बंडू'. मराठी वाचकाला हे नाव ऐकून घरातल्याच कोणाला तरी हाक मारल्यासारखे वाटेल, पण आपल्या बंडूशी त्याचा संबंध नाही.

ठोकळ्यांच्या खेळांत तुम्हाला बहुधा जेंगा माहीत असेल. लेस्ली स्कॉट यांनी तो १९८३ साली लंडनच्या खेळणी-प्रदर्शनात मांडला. 'बांधणे' या अर्थाच्या स्वाहिली शब्दावरून त्याचे नाव आले. जेंगा आणि बाउझाक यांत दोन मूलभूत फरक आहेत. जेंगात चौपन्न ठोकळे एकसारखे असतात आणि मनोरा सगळ्यांचा मिळून एकच असतो. बाउझाकमध्ये ठोकळे नाना आकारांचे असतात आणि त्याच्या मुख्य प्रकारात प्रत्येक खेळाडूचा मनोरा स्वतंत्र असतो.

दुसरा फरक जास्त महत्त्वाचा आहे. जेंगात मनोरा पडला की ज्याचा हात शेवटी लागला तो हरतो, मग कमकुवत जागा आधीच्या चार जणांनी केलेली का असेना. बाउझाकमध्ये तुमच्या मनोऱ्यातला प्रत्येक ठोकळा तुम्हीच ठेवलेला असतो. दोष दुसऱ्याकडे ढकलण्याची सोय नसते, त्यामुळे मनोरा का पडला याचे खरे कारण शोधावे लागते.

आपल्याकडे हाच गुण लगोरीत थोडासा दिसतो. उत्तरेत तिला पिठ्ठू म्हणतात, राजस्थानात सतोलिया. पण लगोरीचे दगड चपटे असतात आणि मोठ्यावर लहान असे रचले जातात, म्हणजे रचनेचा प्रश्न मुळातच सोपा केलेला असतो. तिथली खरी कसोटी धावण्याची आणि चेंडू चुकवण्याची. बाउझाकमध्ये रचना हीच कसोटी आहे.

२. खेळाचे नियम थोडक्यात

पिशवीतल्या ठोकळ्यांत साधे घन आणि पट्ट्या असतात, तसेच उतरत्या बाजूंचे, गोलाकार, मध्ये बारीक आणि टोकांना रुंद असेही तुकडे असतात. एक अंडे असते आणि अंडे ठेवण्याच्या पेल्यासारखा तुकडाही असतो. या ठोकळ्यांनी अनेक प्रकारे खेळता येते. आपण लिलावाचा प्रकार पाहू.

प्रत्येक खेळाडूला पायाचा एक ठोकळा आणि चलन म्हणून काही बिया मिळतात. ज्याची पाळी असेल त्याने ढिगातून एक ठोकळा निवडायचा आणि त्याचा लिलाव पुकारायचा. लिलाव दोन प्रकारांपैकी एक असतो.

'हवा' लिलाव : हा ठोकळा कोणाला हवा आहे? सर्वांत मोठी बोली लावणारा बिया मोजतो आणि ठोकळा आपल्या मनोऱ्यावर ठेवतो.

'नको' लिलाव : हा ठोकळा टाळण्यासाठी कोण किती मोजायला तयार आहे? बोली चढत जाते आणि जो पहिला थांबतो त्याला तो ठोकळा मुकाट्याने आपल्या मनोऱ्यावर ठेवावा लागतो.

ज्याचा मनोरा कोसळतो तो बाद होतो. शेवटपर्यंत ज्याचा मनोरा उभा राहतो तो जिंकतो. म्हणजे हात स्थिर असून भागत नाही, कोणता ठोकळा किती धोक्याचा आहे याचा अंदाजही घ्यावा लागतो. हा अंदाज कसा घ्यायचा ते आता पाहू.

३. अट प्रत्येक सांध्यावर तपासायची

एकच ठोकळा टेबलावर असेल तर स्थिरतेची अट एकदाच तपासावी लागते. मनोऱ्यात मात्र जितके सांधे तितक्या वेळा. सांधा म्हणजे दोन ठोकळे जिथे एकमेकांना टेकतात ती जागा. नियम असा :

कोणत्याही सांध्याच्या वर जेवढे ठोकळे आहेत, त्या सर्वांचा मिळून गुरुत्वमध्य त्या सांध्याच्या आधारक्षेत्रावर आला पाहिजे.

'त्या सर्वांचा मिळून' हे शब्द सुटले की चूक होते. सांध्याच्या लगेच वरच्या एका ठोकळ्याचा विचार करून आपण पुढे जातो.

सोडवलेले उदाहरण १ : १२ सेंमी लांबीच्या, समान वस्तुमानाच्या तीन पट्ट्या घ्या. त्यांना अ, ब, क म्हणू. अ ही पट्टी ० ते १२ सेंमी या जागेत आहे. ब ही ५ सेंमी उजवीकडे सरकवली, म्हणजे ती ५ ते १७ या जागेत आहे. क आणखी ५ सेंमी उजवीकडे, म्हणजे १० ते २२.

ब चा गुरुत्वमध्य ११ वर येतो. अ ची कड १२ वर आहे. एकटी ब स्थिर.
क चा गुरुत्वमध्य १६ वर येतो. ब ची कड १७ वर आहे. ब वर क स्थिर.
आता अ आणि ब यांच्यामधला सांधा पाहा. त्याच्या वर ब आणि क दोन्ही आहेत. दोघींचा मिळून गुरुत्वमध्य (११ + १६) ÷ २ = १३.५. अ ची कड १२ वर. रेषा बाहेर पडली, मनोरा कोसळला.

लक्षात घ्या, क नुकतीच ठेवली असली तरी मोडला तो तिचा सांधा नव्हे. मोडला त्याच्या खालचा. तो आधीच कडेपासून फक्त १ सेंमी आत होता. ब ठेवताना सगळे ठीक दिसत होते, पण पुढच्या ठोकळ्यासाठी शिल्लक जवळपास उरलीच नव्हती.

आता क उजवीकडे न ठेवता डावीकडे ठेवू, म्हणजे तिचा गुरुत्वमध्य ७ वर येईल. ती १ ते १३ या जागेत असेल, ब ला ५ ते १३ मध्ये टेकेल आणि ७ हा आकडा त्या जागेत येतो. ब आणि क यांचा मिळून गुरुत्वमध्य (११ + ७) ÷ २ = ९. अ च्या कडेपासून अंतर आता ३ सेंमी झाले. म्हणजे नवा ठोकळा ठेवल्याने मनोरा आधीपेक्षा भक्कम झाला. 'प्रत्येक नवा ठोकळा म्हणजे नवा धोका' ही समजूत चुकीची आहे. योग्य जागी ठेवलेला ठोकळा जुनी चूक भरून काढतो.

सोडवलेले उदाहरण २ : ब चा गुरुत्वमध्य १३ वर येईल अशी ठेवली तर ती एकटी पडेल, कारण अ ची कड १२ वर आहे. पण तिच्यावर क अशी ठेवली की तिचा गुरुत्वमध्य ९ वर येईल, तर दोघींचा मिळून (१३ + ९) ÷ २ = ११ येतो. रचना स्थिर आहे. तरीही एका वेळी एकच ठोकळा ठेवून हात काढून घ्यायचा असेल, तर ती बांधताच येणार नाही, कारण क येईपर्यंत ब ला कोणीतरी धरून ठेवावे लागेल.

म्हणजे 'ही रचना उभी राहू शकते का?' आणि 'ही रचना बांधता येते का?' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दगडी कमानीचे उदाहरण घ्या. मधला शेवटचा दगड बसेपर्यंत कमान स्वतःच्या बळावर उभी राहत नाही, म्हणून खाली लाकडी साचा लावतात आणि नंतर काढून घेतात. इमारतीचा स्लॅब घालताना खाली सेंटरिंग लावतात तेही याच कारणाने. काम चालू असताना जी पडझड होते तिचे कारण पुष्कळदा पूर्ण रचनेच्या आराखड्यात सापडत नाही. ते अर्धवट रचनेत शोधावे लागते.

४. उंची की सरक?

मनोरा उंच झाला की पडतो, असे सगळे म्हणतात. हे कितपत खरे आहे ते आकड्यांनी तपासू.

४ सेंमी रुंदीचा, १० सेंमी उंचीचा एकजिनसी खांब घ्या. गुरुत्वमध्य ५ सेंमी उंचीवर आणि दोन्ही कडांपासून २ सेंमी आत आहे. खांब कडेवर कलंडायचा असेल तर तो किती अंशांनी तिरपा व्हावा लागेल? कडेपासूनचे अंतर भागिले गुरुत्वमध्याची उंची, हा त्या कोनाचा टॅन्जंट. इथे २ ÷ ५ = ०.४, म्हणून कोन सुमारे २१.८ अंश.

खांबाची उंची दुप्पट केली तर गुरुत्वमध्य १० सेंमीवर जाईल. २ ÷ १० = ०.२, कोन सुमारे ११.३ अंश. म्हणजे उंची दुप्पट झाल्यावर झुकण्याची मुभा जवळजवळ निम्मी झाली. इथपर्यंत लोकांचे म्हणणे बरोबर आहे.

आता ऊर्जेच्या अंगाने पाहा. कलंडण्यापूर्वी गुरुत्वमध्य थोडा वर उचलला जातो, कारण तो कडेच्या बरोबर वर येईपर्यंत वर्तुळाच्या कमानीवरून चढत असतो. पहिल्या खांबात हा चढ २ चा वर्ग अधिक ५ चा वर्ग, त्याचे वर्गमूळ, वजा ५, म्हणजे सुमारे ०.३८५ सेंमी. दुसऱ्या खांबात तसेच करून सुमारे ०.१९८ सेंमी. पण दुसऱ्या खांबाचे वस्तुमान दुप्पट आहे. म्हणून पाडण्यासाठी लागणाऱ्या ऊर्जेची तुलना ०.३८५ आणि ०.३९६ अशी होते. दोन्ही जवळपास सारख्याच!

आता उंची तीच, २० सेंमी, ठेवून गुरुत्वमध्य मध्यापासून १ सेंमी सरकवा, म्हणजे जवळच्या कडेपासून अंतर फक्त १ सेंमी राहील. कोन सुमारे ५.७ अंश. चढ सुमारे ०.०५ सेंमी, वस्तुमानाने गुणून ०.१०. म्हणजे पाडण्याची ऊर्जा एकदम चौथाईवर आली.

यामागचे गणित सरळ आहे. मनोरा उंच आणि अरुंद असेल तर चढ जवळपास 'कडेपासूनच्या अंतराचा वर्ग भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट' इतका येतो. उंचीबरोबर वस्तुमानही वाढते, म्हणून उंचीचा परिणाम ऊर्जेत कापला जातो. कडेपासूनचे अंतर मात्र वर्गात येते. ते निम्मे झाले की ऊर्जा चौथाई होते.

निष्कर्ष असा की उंचीमुळे झुकण्याची मुभा कमी होते, तर सरकेमुळे मुभा आणि ऊर्जा दोन्ही कमी होतात. ज्याचा मनोरा सर्वांत उंच त्याच्याकडे सगळे भीतीने पाहतात. अनुभवी खेळाडू उंचीपेक्षा मनोऱ्याच्या मधल्या रेषेकडे लक्ष देतो. टपावर सामान लादलेल्या बसचेही तेच आहे. टपावरचा भार धोक्याचा खराच, पण तो एका बाजूला सरकला की धोका कैक पटींनी वाढतो.

५. अंडे, पेला आणि तंजावरची बाहुली

आतापर्यंत आपण सपाट पृष्ठांविषयी बोललो. अंड्याला सपाट पृष्ठ नसते. पेल्यात बसवलेले अंडे हलणार नाही असे धरू. त्याच्या वरच्या गोल टोकावर काय ठेवता येईल?

गोलावर ठेवलेली पट्टी किंचित झुकली की टेकण्याचा बिंदूही सरकतो. पट्टीचा गुरुत्वमध्य टेकण्याच्या बिंदूपासून फार उंच नसेल, तर टेकण्याचा बिंदू त्याच्या पुढे जातो आणि पट्टी परत येते. उंच असेल तर गुरुत्वमध्यच पुढे जातो आणि पट्टी पडते. सीमारेषा सोपी आहे : टेकण्याच्या बिंदूपासून गुरुत्वमध्याची उंची गोलाच्या वक्रता त्रिज्येपेक्षा कमी असेल तर समतोल स्थिर. इथे पृष्ठे एकमेकांवर घसरत नाहीत असे आपण गृहीत धरले आहे.

सोडवलेले उदाहरण ३ : अंड्याच्या वरच्या टोकाची वक्रता त्रिज्या २ सेंमी आहे असे समजा. त्यावर १ सेंमी जाडीची पट्टी बरोबर मध्ये ठेवली. गुरुत्वमध्य ०.५ सेंमीवर, स्थिर. तिच्यावर तेवढ्याच वस्तुमानाचा ४ सेंमी उंचीचा ठोकळा ठेवला. त्याचा गुरुत्वमध्य १ + २ = ३ सेंमीवर. दोघांचा मिळून (०.५ + ३) ÷ २ = १.७५. अजूनही २ पेक्षा कमी, स्थिर. त्यावर तसाच आणखी एक ठोकळा. त्याचा गुरुत्वमध्य ७ सेंमीवर. तिघांचा मिळून (०.५ + ३ + ७) ÷ ३ = ३.५. पडणार. इथे हात कितीही स्थिर असला तरी उपयोग नाही.

म्हणजे या अंड्यावर दोन वस्तू बसल्या, तिसरी बसत नाही. अंडे पेल्यात छान बसते म्हणून ते घेणाऱ्याने आपल्या मनोऱ्याला जवळजवळ झाकण लावले, हे त्याला दोन पाळ्यांनंतर कळते. ही गोष्ट लक्षात ठेवा, लिलावाच्या भागात ती पुन्हा येईल.

हेच तत्त्व उलटे करून तंजावरची डुलणारी बाहुली बनते. तिचा तळ गोल आणि जड असतो. तिथे अट अशी की बाहुलीचा गुरुत्वमध्य तळाच्या वक्रता केंद्राच्या खाली असावा. मग ती कितीही कलवली तरी उठून उभी राहते. गोल तळ म्हणजे अस्थिरता असे आपण समजतो. प्रत्यक्षात सगळे ठरते ते गुरुत्वमध्य कुठे आहे त्यावर.

६. घर्षणाविषयीचा एक गैरसमज

काही ठोकळ्यांची वरची बाजू तिरपी असते. तिच्यावर पुढचा ठोकळा ठेवायचा असेल तर तोलाबरोबर घसरणही पाहावी लागते. ठोकळा न घसरण्याची अट अशी : उताराच्या कोनाचा टॅन्जंट स्थितिक घर्षण गुणांकापेक्षा कमी असावा. लाकडावर लाकूड असताना हा गुणांक ०.४ धरला तर सुमारे २१.८ अंशांपर्यंतचा उतार चालेल. ३० अंशांच्या उताराचा टॅन्जंट ०.५७७ असतो, त्यावर ठोकळा घसरेल.

या अटीत वस्तुमान कुठेच नाही. 'जड ठोकळा दाबून बसेल, घसरणार नाही' असे आपल्याला वाटते. पण वजन वाढले की घर्षण वाढते, तसेच उताराच्या दिशेने ओढणारे बलही त्याच प्रमाणात वाढते. दोन्ही एकमेकांना कापतात. सपाट सांध्यावर मात्र वरच्या वजनाचा उपयोग होतो, कारण तिथे आडवा धक्का बाहेरून येतो आणि तो वजनाबरोबर वाढत नाही.

७. बोली : भीतीची किंमत

आता खेळाचा दुसरा अर्धा भाग. नेहमीच्या लिलावात किंमत म्हणजे हवेपणाचे माप. बाउझाकच्या 'नको' लिलावात किंमत म्हणजे नकोसेपणाचे माप. व्यवहारात अशा वस्तू पुष्कळ असतात. कचरा डेपो सगळ्या शहराला लागतो, पण आपल्या वस्तीशेजारी कोणालाच नको असतो. तो टाळण्यासाठी प्रत्येक वस्ती वेळ, पैसा आणि वजन खर्च करते, आणि ज्याच्याकडे खर्चायला काही उरत नाही त्याच्या दारात तो येतो. 'नको' लिलावाचे स्वरूप अगदी असेच आहे. ठोकळा पदरात पडतो तो बऱ्याचदा बिया संपलेल्याच्या. त्याचा मनोरा तो पेलू शकेल का, हे कोणी विचारत नाही.

उदाहरण घेऊ. तीन खेळाडू आहेत. पहिलीच्या मनोऱ्यावर सर्वांत वर पेला आहे. दुसऱ्याच्या मनोऱ्यावर रुंद पट्टी आहे. तिसरीच्या मनोऱ्यावर अरुंद उभा नळकांड्यासारखा तुकडा आहे. दुसऱ्याची पाळी आहे, तो अंडे उचलतो आणि 'नको' पुकारतो, कारण अंडे कोणालाच नको असणार असे त्याला वाटते. इथे तो चुकला. पहिलीकडे पेला आहे. ती बोलीच लावत नाही आणि अंडे फुकट पदरात पाडून घेते. त्याने 'हवा' पुकारले असते, तर निदान तिला बिया मोजाव्या लागण्याची शक्यता होती.

यातून दोन गोष्टी शिकायच्या. पहिली, ठोकळ्याला स्वतःची अशी किंमत नसते. तो कोणाच्या मनोऱ्यावर जाणार त्यावर किंमत ठरते. म्हणून लिलाव पुकारणाऱ्याने ठोकळ्याइतकेच इतरांच्या मनोऱ्यांकडे पाहावे लागते. अर्थशास्त्रात याला व्यक्तिसापेक्ष मूल्य म्हणतात.

दुसरी गोष्ट पहिल्या खेळाडूबद्दल आहे. अंडे तिला फुकट मिळाले, पण विभाग ५ मध्ये पाहिल्याप्रमाणे त्यावर फार काही रचता येत नाही. पुढच्या प्रत्येक फेरीत तिला ठोकळे टाळावे लागतील आणि त्यासाठी बिया मोजाव्या लागतील. अंड्याची किंमत तिला द्यावी लागलीच, फक्त उशिरा आणि हप्त्याहप्त्याने. लिलावात जिंकलेली स्वस्त वस्तू पुढे महाग पडते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

बियांच्या बाबतीतही हाच हिशोब आहे. सुरुवातीला मनोरा ठेंगणा असतो आणि झुकण्याची मुभा मोठी असते, तेव्हा वाकडा ठोकळाही पचतो. नंतर मुभा कमी होते. म्हणून एका नकाराची किंमत खेळाच्या शेवटी सर्वाधिक असते. सुरुवातीच्या फेऱ्यांत घाबरून बिया उडवणारा खेळाडू शेवटच्या फेऱ्यांत निःशस्त्र होतो.

८. कृती : आपला स्वतःचा संच

मूळ खेळ मिळाला नाही तरी वसतिगृहाच्या खोलीत त्याचा संच जमवता येतो. सुताराकडचे लाकडाचे तुकडे, दोऱ्याची रिकामी रिळे, काड्यापेट्या, खोडरबर, चिकटपट्टीचे रिकामे कडे, बाटलीची झाकणे, एखादा लहान चेंडू आणि भोवरा घ्या. निदान तीस तुकडे हवेत. बियांच्या जागी प्रत्येकी पाच चिंचोके घ्या.

खेळताना एक वही ठेवा. प्रत्येक मनोरा पडल्यावर तीन गोष्टी लिहा : शेवटचा ठोकळा कोणता होता, प्रत्यक्ष कोणता सांधा मोडला, आणि तो सांधा कितव्या ठोकळ्याच्या वेळी कमकुवत झाला होता. फोनवर चित्रण करून ते सावकाश पाहिले तर मोडलेला सांधा स्पष्ट दिसतो. दहा-बारा मनोऱ्यांची नोंद झाली की पहिल्या आणि दुसऱ्या रकान्यांची तुलना करा. शेवटचा ठोकळा आणि मोडलेला सांधा किती वेळा एकाच ठिकाणी आहेत, ते मोजा.

सारांश

• मनोऱ्यात स्थिरतेची अट प्रत्येक सांध्यावर, त्याच्या वरच्या सर्व ठोकळ्यांचा एकत्रित गुरुत्वमध्य घेऊन तपासावी लागते.
• योग्य जागी ठेवलेला नवा ठोकळा मनोरा अधिक स्थिर करू शकतो.
• स्थिर रचना आणि बांधता येणारी रचना या एकच नव्हेत.
• उंचीमुळे झुकण्याची मुभा कमी होते. सरकेमुळे मुभा आणि पाडण्याची ऊर्जा दोन्ही कमी होतात, ऊर्जा तर वर्गाच्या प्रमाणात.
• उतारावरची घसरण वस्तुमानावर अवलंबून नसते.
• 'नको' लिलावात किंमत म्हणजे नकोसेपणाचे माप, आणि ती ठोकळ्याइतकीच घेणाऱ्याच्या परिस्थितीवर ठरते.

पाठाच्या सुरुवातीचा प्रश्न आता पुन्हा विचारा : हे का पडले? 'शेवटी ज्याचा हात लागला त्याच्यामुळे' हे उत्तर सोपे आहे, म्हणून ते लोकप्रिय आहे. पूल, भिंत किंवा मंडप पडल्यावरही पहिली बोटे त्या दिवशी तिथे काम करणाऱ्यांकडे वळतात. तुम्ही मात्र एक पायरी मागे जाऊन विचारा की शिल्लक कधी संपली होती आणि ती कोणी संपवली होती. उत्तर काढायला लागणारे गणित बेरीज आणि भागाकारापलीकडचे नाही, हे तुम्ही पाहिलेच आहे.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. उदाहरण १ मध्ये ब तशीच ठेवून क चा गुरुत्वमध्य जास्तीत जास्त किती सेंमीवर आणता येईल? (सूचना : दोघींचा एकत्रित गुरुत्वमध्य १२ च्या पुढे जाऊ नये. उत्तर : १३ सेंमी. प्रत्यक्षात त्याच्या थोडे आत.)

२. ६ सेंमी रुंदीच्या, १६ सेंमी उंचीच्या एकजिनसी खांबाला कलंडण्यासाठी किती अंश झुकावे लागेल? (उत्तर : टॅन्जंट ०.३७५, सुमारे २०.६ अंश.)

३. उदाहरण ३ मध्ये ४ सेंमी उंचीच्या ठोकळ्यांऐवजी पट्टीच्याच वस्तुमानाचे, १ सेंमी जाडीचे आणखी तुकडे एकावर एक ठेवत गेलो, तर पट्टीसह एकूण किती तुकडे स्थिर राहतील? (सूचना : एकूण जाडीचा निम्मा भाग २ सेंमीपेक्षा कमी हवा. उत्तर : ३.)

४. 'नको' लिलावात सर्वांत कमी बिया असलेल्या खेळाडूवर अन्याय होतो का? नियमात कोणता बदल केला तर तो कमी होईल? दीडशे शब्दांत लिहा आणि तुमचा नियम एकदा प्रत्यक्ष खेळून पाहा.